राजा पालखीतून कधी उतरतो?



भागवतातील जडभरताची कथा आपण ऐकली असेल. लोक त्याला मंदबुद्धी समजत. राजा रहूगणाच्या पालखीला एक भोई कमी पडला, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या जडभरताला धरून आणले गेले. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून तो जपून पावले टाकी आणि पालखी हिंदकळे. राजा चिडून टोचून बोलला. मग जडभरत बोलू लागला. त्याचे बोलणे ऐकून राजा खाली उतरला आणि त्याच्या पाया पडला.

कथा सुंदर आहे. पण एक प्रश्न मनात राहतो. जडभरत ज्ञानी निघाला म्हणून राजा उतरला. तो खरोखरच मंदबुद्धी असता, तर राजाने उतरायचे कारण नव्हते का?

हा प्रश्न मला इंग्लंडमधील डोरोथी अ‍ॅटकिन्सन यांच्या कार्याबद्दल वाचताना पडला. त्या आधी समाजकार्यकर्त्या होत्या, पुढे तेथील मुक्त विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. ज्यांची बौद्धिक वाढ इतरांपेक्षा संथ असते, अशा व्यक्तींसोबत त्यांनी आयुष्यभर काम केले. इंग्लंडमध्ये १९१३ च्या कायद्याने अशा माणसांची बुद्धीवरून वर्गवारी केली होती. त्या वर्गांची नावे आज शिवी वाटावीत अशी होती. हजारो माणसांचे आयुष्य मोठमोठ्या संस्थांच्या भिंतीआड गेले. त्यांच्याबद्दल डॉक्टरांनी लिहिले, अधिकाऱ्यांनी लिहिले. त्यांना स्वतःला मात्र कोणी विचारले नाही.

अ‍ॅटकिन्सन यांनी विचारले. मेबल कूपर या बाईंची लहान वयातच संस्थांमध्ये रवानगी झाली होती. पुढे कॅटरहॅम येथील सेंट लॉरेन्स रुग्णालयात त्यांनी सुमारे २० वर्षे काढली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अ‍ॅटकिन्सन त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसल्या. मेबल बोलत गेल्या, अ‍ॅटकिन्सन उतरवून घेत गेल्या आणि लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवत गेल्या. १९९७ मध्ये ही जीवनकथा एका ग्रंथात प्रसिद्ध झाली. दोघींनी मिळून जुन्या नोंदीही शोधल्या आणि मेबल यांना आपल्या जन्माबद्दल, आईबद्दल प्रथमच काही कळले. पुढे त्या शाळांमध्ये जाऊन मुलांना आपली कहाणी सांगू लागल्या. २०१० मध्ये मुक्त विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली.

मी भाषांतराची सेवा करतो. मूळ वाक्य साधे असेल, तर ते थोडे सजवावे असा मोह मला नेहमी होतो. म्हणून दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत राहू देणे किती कठीण असते, हे मला थोडेफार कळते. तिथे आपला अहंकार बाजूला ठेवावा लागतो. आपण साधना म्हणतो, ती याहून फार वेगळी नसावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळूया. कठोपनिषदातील रथाचे रूपक आठवा. शरीर रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथाचा स्वामी. बुद्धी तल्लख असो वा संथ, ती सारथीच आहे. एखाद्याचा सारथी सावकाश रथ हाकतो म्हणून आतला स्वामी लहान ठरत नाही. हे आपण प्रवचनात मान्य करतो. पण घरातल्या अशा भावंडाबद्दल त्याच्यासमोरच, तो तिथे नसल्यासारखे बोलतो. त्याला काय हवे ते त्याच्या आईला विचारतो.

वाणिज्य शाखेत मी मालमत्ता आणि देणी मांडायला शिकतो. नकळत माणसेही आपण तशीच मांडतो. कमावणारा एका बाजूला, सांभाळावा लागणारा दुसऱ्या बाजूला. मेबल यांना पदवी मिळाली म्हणून त्यांची बाजू बदलली, असे आपण समजलो, तर आपणही रहूगणच ठरू. पदवी मिळाली नसती, पुस्तक निघाले नसते, तरी त्यांचे ऐकणे तितकेच योग्य होते.

आपण म्हणाल, आत्मा समान असला तरी गरजा समान नाहीत. खरे आहे. कोणाला पैशांच्या हिशोबात मदत लागते, कोणाला बसने जाताना. काहींना तर शब्दही नसतात. त्यांची नजर आणि हात समजून घ्यावे लागतात. मदत जरूर करावी. पण मदत करणाऱ्याने निर्णयही स्वतःकडे घेतला की सेवा हळूहळू सत्ता होते. आणि दयेच्या वेषात आलेली सत्ता ओळखणे फार अवघड असते.

म्हणून आज एक छोटा प्रयोग करूया. आपल्या घरात, शेजारी किंवा सत्संगात अशी कोणी व्यक्ती असेल, तर तिच्याशेजारी बसूया. एक प्रश्न थेट तिलाच विचारूया. उत्तर यायला वेळ लागेल. तो वेळ आपल्या शब्दांनी भरून टाकू नये. ती ज्ञानी निघते का, याची वाट न पाहता आपण पालखीतून उतरावे.