गुडघ्याचा जोर

डर्ट बाइकचा मागचा १८ इंची टायर घरच्या अंगणात हातानं बदलायला बसलं की पहिली चूक ठरलेली, ती म्हणजे जोर. टायर चढवायची पट्टी, म्हणजे टॉमी, जितकी रेटावी तितकी टायरची कड घट्ट होते आणि आतली ट्यूब चिमटून फाटते. माझ्या दोन ट्यूब अशाच गेल्या. खरी किल्ली रिमच्या पोटात आहे. तिथे मधोमध खोलगट पन्हळ असते. समोरच्या बाजूची कड गुडघ्यानं त्या पन्हळीत दाबून धरली, की टॉमीकडच्या बाजूला ढील मिळते. साबणाच्या पाण्यानं भिजलेली कड मग अलगद आत उतरते. तो क्षण मला फार आवडतो. कड चढवण्याआधी ट्यूबमध्ये थोडी हवा भरा. आणि टॉमी अडली, तर हात थांबवा. गुडघा कुठे आहे ते बघा.