रोजची भाकर आणि आमचा विश्वास

प्रभूनें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तींत भाकरीची मागणी आहे, आणि ती एका दिवसाच्या भाकरीची आहे. कणगी भरून मिळावी अशी नाहीं. ही प्रार्थना आमच्या मंडळ्यांत नित्य होते. परंतु मृग कोरडा जातो, घरांतील दाणे सरतात, सावकार दारीं येऊन बसतो, तेव्हां मनांत प्रश्न उठतो: देव पुरवितो हें खरें, तर आम्हीं चिंता कां करावी? आणि चिंता करावयाची नाहीं, तर कष्ट तरी कां करावे?

प्रभूनें आकाशांतील पांखरें दाखविलीं. तीं पेरीत नाहींत. तरी झुंजुमुंजु होतांच दाणा शोधावयास निघतात. देव त्यांस खावयास देतो, पण घरट्यांत आणून टाकीत नाहीं. अरण्यांत इस्राएल लोकांस मान्ना मिळाला तोहि असाच. देणारा देव, पण रोज सकाळीं वांकून वेंचणारे लोक. ज्यांनीं अविश्वासानें दुसऱ्या दिवसासाठीं ठेविला त्यांच्या मान्न्यांत किडे पडले; परंतु शब्बाथाकरितां आज्ञेप्रमाणें ठेविलेला चांगला राहिला. यावरून दिसतें कीं, बियाणें राखून ठेवणें हा अविश्वास नव्हे. देवास विसरून सांठवीत बसणें हा अविश्वास होय. पौल प्रेषितानेंहि करिंथ येथें तंबू करून आपलें पोट भरलें.

या गोष्टीचें उदाहरण आपल्याच देशीं आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें, तेव्हां अमेरिकेंतील मित्रांचें साह्याचें वचन दहा वर्षांपुरतें होतें. पुढें त्यांनीं ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचें वृत्त वाचलें. म्यूलरसाहेब कोणा मनुष्यापाशीं पैसा मागत नसत. गरज देवास सांगत. १८७० पर्यंत त्यांच्या पांच अनाथगृहांत सुमारें २,००० मुलांची सोय झाली होती. तरी ते हिशेब चोख ठेवून छापीत असत. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथील निराधार मुलींस घेऊन आल्या. त्यांनीं केडगांवीं प्रार्थना केली, तशा विहिरीहि खणविल्या. शेत, माग, तेलाचा घाणा व छापखाना चालविला. गुडघे टेंकणें आणि कुदळ धरणें यांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

आतां कठीण प्रश्न राहिला. विश्वासी मनुष्य कधींच उपाशी राहत नाहीं काय? असें आम्ही म्हणणार नाहीं. पौलानें स्वतः उपासमार सोसल्याचें लिहून ठेविलें आहे. दुष्काळांत प्रार्थना करणारेहि मेले. म्हणून ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं त्यास, तुझा विश्वास उणा, असें कोणीं म्हणूं नये. तें बोलणें क्रूर आहे, आणि खोटेंहि आहे.

उलट त्या प्रार्थनेचा एक शब्द नीट पाहावा. तींत आम्ही ‘मला’ म्हणत नाहीं, ‘आम्हांस’ म्हणतों. ज्याच्या घरीं दोन पायली ज्वारी आहे त्यानें ही प्रार्थना केली, म्हणजे शेजाऱ्याच्या रिकाम्या हांड्यासाठींहि मागणी केली. मग देवानें तें उत्तर त्याच्याच कणगींत ठेविलें असेल तर? सारफथच्या विधवेपाशीं मूठभर पीठ होतें. त्यांतून तिनें आधीं एलीयास दिलें, आणि मग मडकें रितें झालें नाहीं. देव पुष्कळ वेळां मनुष्याच्या हातानें पुरवितो. तो हात मिटला, तर उपाशी बंधूनें देवास दोष द्यावा काय, कीं आम्हांस?

यास्तव, प्रिय बंधुभगिनींनो, सकाळीं मागा, दिवसभर कष्ट करा, आणि सायंकाळीं भाकर मोडण्यापूर्वीं शेजारच्या चुलीचा धूर दिसतो कीं नाहीं तें पाहा. उद्यांचा भार उद्यांवर, आणि उद्यां प्रभूच्या हातीं. उपदेशकांनीं येत्या रविवारीं ही प्रार्थना सांगतांना ‘आम्हांस’ या शब्दावर थोडें थांबावें, अशी आमची विनंति आहे.