ऋण आणि कर्तव्य

शब्दाचें मूळ सांपडलें कीं वस्तूचें स्वरूप कळलें, असा समज सुशिक्षितांत पुष्कळदां आढळतो. तो कितपत खरा, हें पाहण्यास उत्तर युरोपांतील एका क्रियापदाचें उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटतें.

डॅनिश, नॉर्वेजियन व आइसलँडिक भाषांत 'स्कल' आणि स्वीडिशमध्यें 'स्कल' किंवा 'स्का' हें रूप कर्तव्य, आज्ञा अथवा भविष्य दर्शवितें. प्राचीन नॉर्समध्यें त्याचें मूळ रूप 'स्कुलु'. 'स्कल' हा अर्थानें वर्तमानकाळ असला, तरी घडणीनें तें जुन्या पूर्णकाळाचें रूप आहे. संस्कृतांतील 'वेद', म्हणजे 'जाणतो', हें लिट् लकाराचें रूप असून वर्तमानार्थी आहे, तसाच हा प्रकार. याच कुळांतील गॉथिक क्रियापदाचा अर्थ 'देणें लागणें' असा होता. त्याच धातूपासून 'स्कुल्ड' हा शब्द निघाला. स्वीडिशमध्यें त्याचा अर्थ कर्ज असाही होतो व अपराध असाही. नॉर्स पुराणांतील तीन दैवदेवतांपैकीं एकीचें नांवही 'स्कुल्ड'च.

मग कर्तव्य म्हणजे केवळ कर्जफेड, असें समजावें काय? आपल्याकडेही तैत्तिरीय संहितेंत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांनीं बद्ध असतो, असें म्हटलें आहे. परंतु सावकाराचें कर्ज सावकारासच परत करावें लागतें. पितृऋण मात्र प्रजेच्या योगानें फिटतें, असें तेथेंच सांगितलें आहे. म्हणजे जें मागच्यांकडून घेतलें, तें पुढच्यांस द्यावयाचें!

हा भेद विसरल्यानें घरोघर कटुता माजते. 'तुला शिकविलें, त्याची कांहीं जाणीव आहे काय?' असें एकदां आमच्याही तोंडून मुलास बोललें गेलें. तेव्हांपासून दरमहा त्याच्याकडून नियमित रक्कम येऊं लागली, आणि खुशालीची विचारपूस मात्र थांबली. कर्ज फिटत होतें. कर्तव्य दोघांकडूनही राहून गेलें.

मराठींत कर्तव्य सांगणारें 'पाहिजे' हें 'पाहणें' या क्रियापदाचें जुनें कर्मणि रूप आहे. जें पाहिलें जातें, ज्याची अपेक्षा केली जाते, तें. हीही व्युत्पत्तिच, तिच्यावर नीतीची इमारत उभारतां येणार नाहीं. तथापि कोणीतरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव, देण्याघेण्याच्या वहीपेक्षां, कर्तव्याच्या अधिक जवळची आहे, असें आम्हांस वाटतें.