भार गेला कोठें?

मनुष्याचा भार हलका करणाऱ्या यंत्राचें आपण मनापासून कौतुक करतों. पण तो भार गेला कोठें, याची चौकशी क्वचितच करतों. वस्तुतः भार नाहींसा होत नाहीं, तो एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. जुन्या अमेरिकन मोटारींतील स्वयंचलित गिअरबॉक्स या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

या मोटारींशीं आपला परिचय जुना. जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें १९२८ सालीं मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. याच कंपनीनें अमेरिकेंत १९४० च्या ओल्ड्समोबील गाडीसाठीं ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स आणला आणि क्लचच्या पेडलाला रजा दिली. त्यांत इंजिन एक पात्यांचें चाक तेलांत फिरवितें व तेलाच्या झोतानें समोरचें दुसरें चाक फिरूं लागतें. त्यामागें ग्रहमालेसारखीं दांतेरी चक्रें असतात. गाडीचा वेग वाढला कीं झडपेवर एका बाजूनें तेलाचा दाब वाढतो. ॲक्सिलरेटरवर पाय जोरानें पडला कीं दुसऱ्या बाजूनें वाढतो. या झुंजींत झडप सरकते व गिअर बदलतो. चढ ओळखून गिअर केव्हां टाकावा, हा चालकाचा विवेक अशा रीतीनें स्प्रिंगा आणि झडपा यांच्या स्वाधीन झाला.

परंतु हा यांत्रिक विवेकहि कालांतरानें झिजतो. रबरी सील कडक होतात, क्लचप्लेटींचें अस्तर जळतें, तेलाला करपल्याचा वास येतो. मग गिअरबॉक्स उतरवून कुशल मिस्त्रीपुढें ठेवावा लागतो. तो प्रत्येक भाग काढलेल्या क्रमानें मांडतो. पुसावयास तंतू सुटणारें फडकें घेत नाहीं, कारण एखादा तंतूहि झडप अडकवूं शकतो. नव्या प्लेटी आधीं तेलांत भिजत ठेवतो, मग अंतरें मोजून त्या बसवितो.

झांकण बसलें कीं हें सारें अदृश्य होतें, आणि नीतीचा प्रश्न येथेंच उभा राहतो. झिजलेली प्लेट पुनः घातली तरी गाडी कांहीं दिवस सुरळीत चालेल. मालकाजवळ परीक्षेचें साधन नाहीं. श्रमांबरोबर पारख करण्याची शक्तीहि आपण देऊन बसलों. तेव्हां सोयीची किंमत अखेर विश्वासानेंच चुकवावी लागते.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? पुण्याहून नगरकडे जातांना लागणाऱ्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत, फिआट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यांत, २०१७ सालापासून जीप कंपास ही अमेरिकन नांवाची गाडी तयार होऊं लागली. नवें यंत्र दाराशीं असतां जुनें उकरीत बसणें हा श्रीमंतांचा षोक नव्हे काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु त्याच रांजणगावांत महागणपतीचें देऊळ आहे. माधवराव पेशव्यांनीं त्याच्या गाभाऱ्याचें काम केलें, इंदूरच्या सरदार किब्यांनीं सभामंडप बांधला. जुन्या वास्तूला हात लावणाऱ्यास आधींच्या कारागिराचा हेतु समजून घ्यावा लागतो; सर्वस्वीं नवें बांधणाऱ्यास त्याची गरज पडत नाहीं. गिअरबॉक्स नवा घातला तर गाडी चालेल. जुनाच उघडून दुरुस्त केला तर गाडी चालेल, आणि तो असा कां घडविला हें जाणणारा एक मनुष्यहि तयार होईल. मला हा दुसरा लाभ मोठा वाटतो.

सर्वांनीं सर्व जाणावें, ही अपेक्षा अर्थातच व्यर्थ आहे. पण आपण टाकून दिलेली समज समाजांत कोणीतरी सांभाळीत असतो, आणि त्याच्याच मजुरींत घासाघीस करून आपण त्याच्या प्रामाणिकपणाची मात्र अपेक्षा धरतों, हा व्यवहार न्यायाचा नाहीं. सुशिक्षित घरांत मुलाला मोटार चालवितां आली कीं आनंद होतो. एखाद्यास ती उघडून पाहावीशी वाटली, तर हात तेलकट झाले म्हणून त्याला रागावूं नये. आपल्या हातून निसटलेला भार तो उचलूं पाहत आहे.