चिमणी खाली पडली तेव्हा

आजचं शास्त्रवाचन : मत्तय 10:26-31
सोबत वाचा : मत्तय 4:5-7, दानीएल 3:16-25, मार्क 10:13-16



आपल्या घरांत लेकरू बोलू लागलं की देवाविषयी पहिलं वाक्य त्याच्या कानावर पडतं ते बहुधा हेच : "देवबाप तुला सांभाळतो." रात्री दिवा मालवताना, सकाळी शाळेच्या रिक्षात बसवताना, ताप आला की कपाळावर हात ठेवून आपण हे म्हणतो. संडे स्कूलचं पहिलं पाठांतरही याच अर्थाचं असतं.

वाक्य खरं आहे. पण त्यातून दोन वेगवेगळी आश्वासनं निघतात. एक : "देव तुला काही होऊ देणार नाही." दुसरं : "काहीही झालं तरी देव तुला सोडणार नाही." झोपेला आलेल्या लेकराला थोपटताना आपल्याला दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिलं आश्वासन लेकराच्या पहिल्याच मोठ्या दुःखात मोडतं, आणि मोडताना देवावरचा विश्वासही सोबत घेऊन जातं. मग प्रभूने यातलं नेमकं कोणतं दिलं आहे?

आजच्या वाचनात चिमण्या आहेत. दोन चिमण्या म्हणजे दमडीचा सौदा. लूकच्या शुभवर्तमानात (12:6) हिशेब आणखी बारीक आहे : दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, वर टाकलेली. बाजारात जिची वेगळी किंमतच नाही, त्या पाचवीलाही देव विसरत नाही, असं प्रभू सांगतो. लेकरांना सांगायला यापेक्षा गोड गोष्ट कोणती? घरात पाचवं झालेलं, वर्गात मागच्या बाकावरचं, खेळात शेवटी निवडलेलं जे पोर असतं, त्याला ती पाचवी चिमणी लगेच ओळखू येते.

पण नीट वाचा. चिमणी पडतच नाही, असं प्रभू म्हणत नाही. ती जमिनीवर पडते. पित्याला सोडून, त्याच्या नजरेआड पडत नाही, एवढंच तो सांगतो. आणि हे तो कुणाला सांगतो आहे? ज्या शिष्यांना लांडग्यांमध्ये मेंढरं पाठवावी तसं पाठवतो आहे, त्यांना. मार खावा लागेल, धरून नेतील, हे त्याच अध्यायात आधीच सांगून झालं आहे. मग म्हणतो, भिऊ नका.

आता दुसरं वाचन. आपल्या कितीतरी घरांत 91 वं स्तोत्र दारावर लावलेलं असतं, लेकरांकडून ते पाठ करून घेतलं जातं. जरूर घ्यावं. पण "देव तुला इजा होऊ देणार नाही" या अर्थाने ते स्तोत्र शास्त्रात कोण वापरतो? सैतान. मंदिराच्या शिरोभागी प्रभूला उभं करून तो म्हणतो, मार उडी, लिहिलेलंच आहे की दूत तुला झेलतील. प्रभू स्तोत्र नाकारत नाही, त्याचा असा उपयोग नाकारतो. देवाचं सांभाळणं हा विमा नाही. ते नातं आहे. आणि नात्याची अशी परीक्षा पाहायची नसते.

कुणी म्हणेल, एवढं खोलातलं लहान पोराला काय कळणार? आत्ता सोपं सांगावं, मोठं झालं की समजेल. ही शंका खोटी नाही. पण आपल्या भागातली लेकरं पाहा. दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारकडून आणि चाळीसगाव-पारोळ्याच्या बाजूने ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आई-बाप मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. लेकरं एकतर सोबत जातात आणि फडाशेजारच्या खोपीत झोपतात, नाहीतर आजीजवळ गावात राहतात. विंचू, साप, उघडी विहीर, रात्रीचा ट्रॅक्टर हे त्यांना गोष्टीतून शिकावं लागत नाही. "तुला काही होणार नाही" हे वाक्य त्यांच्यासाठी सोपं नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोरच खोटं पडतं.

त्याहून वाईट पुढे घडतं. शेजारची पोरगी विहिरीत पडून गेली, तर लेकरू विचारतं, "देवाने तिला का नाही सांभाळलं? ती प्रार्थना करत नव्हती का?" म्हणजे आपण शिकवलेलं प्रेम त्या गेलेल्या पोरीवर आणि तिच्या आईवर आरोप बनून उभं राहतं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही असंच विचारलं होतं, पाप कोणाचं? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला (योहान 9). आणि जे पोर स्वतः दुखावलं जातं ते तर बोलतही नाही. "मी वाईट म्हणून देवाने मला सोडलं" हे ते मनात गाठ मारून ठेवतं. लेकराच्या मनात अशी गाठ पडू देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आपल्या खानदेशातलीच एक गोष्ट घ्या. धरणगावला 1890 साली त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मला. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या कोवळ्या पोराची कविता ऐकून जाणत्यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढे तो अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. 5 मे 1918 रोजी जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनजवळ रूळ ओलांडताना तो रेल्वेगाडीखाली गेला. वय 27. पुढच्याच वर्षी, 1919 च्या मे महिन्यात, टिळकही गेले.

त्या घराचं प्रेम खोटं होतं, असं भादलीचा अपघात दाखवून कुणी म्हणेल का? नाही म्हणणार. प्रेम खरं होतं आणि गाडीही आली. पण इथे प्रामाणिक लेकरू थांबवतं : माणसाला गाडी थांबवता येत नाही, देवाला तर येते ना? येते. मग का नाही थांबवली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि लेकरापुढे ते असल्याचा आव आणू नये. आपल्यापाशी आहे तो वधस्तंभ. बापाने स्वतःच्या पुत्रालाही राखून ठेवलं नाही (रोम. 8:32). तोही चिमणीसारखा जमिनीवर पडला, आणि तिसऱ्या दिवशी बापाने त्याला उठवलं. आपला देव दुःखाच्या काठावर उभा राहून पाहणारा नाही, तो त्यात उतरलेला आहे. टिळकांच्या हातून अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केलं. एवढी माणसं गमावलेल्या बाईने ख्रिस्ताचं चरित्र अर्ध्यावर सोडलं नाही.

शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनीही राजाला हेच सांगितलं : आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते भट्टीत पडले. पडल्यावर त्यांना कळलं की आत चौथा आहे. लेकरांना ही गोष्ट सांगताना आपण "जळले नाहीत" यावर जोर देतो. जोर "चौथा" यावर द्या.

मग लेकराला शिकवायचं कसं?

पहिलं, नावाने शिकवा. "देव जगावर प्रीती करतो" हे लेकराच्या अंगाला लागत नाही. जग फार मोठं आहे. पौलानेसुद्धा एका ठिकाणी 'माझ्यावर' प्रीती केली असं एकवचनात लिहिलं (गलती. 2:20). आणि हे घरच्या बोलीत सांगा. घरात अहिराणी बोलणाऱ्या पोराला "परमेश्वर तुझा संरक्षक आहे" हे शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं. त्याचा खरा प्रश्न असतो, "देव मन्हा बी शे का?" तर उत्तरही तसंच द्या : तो म्हणतो, तू मन्हा शे. पोरगी असेल तर, तू मन्ही शे.

दुसरं, डोळ्यांसमोरचं दाखवा. धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पिकं निघाली की मेंढ्या घेऊन फिरतात, शेतकरी खतासाठी त्यांना शेतात बसवतो. लेकराला तो वाडा लांबून दाखवा. लांडगा येतच नाही असं मेंढपाळ कधी म्हणत नाही. पण रात्रभर तो तिथेच असतो, घरी जाऊन झोपत नाही. नुकतं जन्मलेलं कोकरू त्याच्या हातात असतं. योहानाचा दहावा अध्याय मग वेगळा समजवावा लागत नाही.

तिसरं, आणि हे मोठ्यांसाठी : देवाचं सांभाळणं बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातांनी होतं. शिष्यांनी लेकरांना हटकलं तेव्हा प्रभू रागावला, आणि त्याने त्यांना कवेत घेतलं. लहानग्याला अडखळवणाऱ्याविषयी तो जातं गळ्यात बांधण्याची भाषा बोलतो (मत्तय 18:6). म्हणून विहिरीला कठडा बांधणं हीही प्रार्थनाच. "देव सांभाळेल" म्हणून लेकराला कुणाच्याही हवाली करणं, म्हणजे मंदिराच्या शिरोभागी नेऊन उभं करणं. लेकराला सांगा, कुणी वाईट हात लावला तर ओरड, पळ, येऊन सांग. तो माणूस मंडळीतला असला तरी सांग, आम्ही तुझंच ऐकू. 1098 हा मुलांसाठीचा नंबर पाठांतराच्या वचनासोबतच पाठ करून घ्या. यात विश्वासाला काही उणेपणा येत नाही.

आज रात्री लेकराला झोपवताना वाक्य थोडं बदलून पाहा. "तुला काही होणार नाही" याऐवजी म्हणा, "काहीही झालं तरी येशू तुझ्याजवळ असेल, आणि आम्हीही." पहिलं वाक्य ऐकलेलं लेकरू अंधार संपण्याची वाट पाहतं. दुसरं ऐकलेलं लेकरू अंधारातही हात शोधतं.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, पाचव्या चिमणीलाही तू विसरत नाहीस म्हणून तुझे आभार. आज आजीच्या कुशीत, फडावरच्या खोपीत, दवाखान्याच्या खाटेवर जी लेकरं झोपली आहेत, त्यांना तू त्यांच्या नावाने हाक मार. ज्या आईचं लेकरू तुझ्याजवळ आलं आहे, तिच्याशी आज तूच बोल, आम्हाला शब्द नाहीत. लेकरांना खोटं सांगण्यापासून आम्हाला राख, आणि तुझे हात व्हायचं आमच्या जिवावर आलं तरी आम्हाला सोडू नकोस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.