तुळशीचा वाटा

आमच्या वहिनी शिक्षिका आहेत. सकाळी सातची शाळा. डबा, वह्यांचा गठ्ठा आणि लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली घेऊन त्या साडेसहाला घर सोडतात. दुपारी घरी आल्या की चपला काढायच्या आधी गॅलरीतल्या तुळशीपाशी जायच्या आणि बाटली कुंडीत रिकामी करायच्या. कित्येक वर्षं मी हे पाहत होतो. तुळस कशी हिरवीगार! घरी येणारा प्रत्येक जण तिचं कौतुक करायचा. पण बाटली सकाळी जशी गेली तशीच भरलेली परत येते, याचा अर्थ काय, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. मागच्या एप्रिलमध्ये आलं. पहाटे चारला वहिनींच्या कमरेत डाव्या बाजूला कळ उठली ती थेट जांघेपर्यंत गेली. बसवेना, झोपवेना, कुशीवर वळवेना. दोन बाळंतपणं काढलेली बाई, पण म्हणाली, ‘त्यापेक्षा ती बरी होती.’ लघवी तपासली तर त्यात रक्ताचा अंश निघाला. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत अडकलेला पाच मिलिमीटरचा खडा दिसला. तुरीच्या डाळीएवढा असेल-नसेल, पण त्यानं सगळं घर जागं केलं.

डॉक्टर म्हणाले, ‘एवढे खडे बहुतेक वेळा आपले आपण पडतात. कळ थांबायची औषधं देतो. फक्त लघवी गाळून बघत जा, खडा पडला की टाकू नका.’ म्हणून चहाची जुनी गाळणी त्या कामाला लागली. आठव्या दिवशी तिच्यात टक्कन आवाज झाला. खरखरीत, तपकिरी, काटेरी कण. तो तपासायला पाठवला. बहुतेकांचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, तसाच हाही निघाला. खडा कुठे आहे ते सोनोग्राफी सांगते, तिथं नाही दिसला तर सीटी स्कॅन सांगतो. कशाचा आहे ते प्रयोगशाळा सांगते. पण तो का झाला, हे कळायला डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारावा लागला : ‘शाळेत असताना लघवीला किती वेळा जाता?’ वहिनी जरा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘जातच नाही.’ शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं. जायला नको म्हणून प्यायचंच नाही, असा हिशोब त्यांनी कधीच करून टाकला होता. हाच हिशोब एसटीतल्या कंडक्टर ताई करतात, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या मावशी करतात, बांधकामावरच्या बायका करतात. बाहेरचं ऊन सगळ्यांना दिसतं. कडी नसलेलं दार मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

खडा झाला म्हटल्यावर शेजारपाजारचे सल्ले आलेच. बोअरचं पाणी सोडा, टोमॅटो बंद करा, दूध तर नकोच. डॉक्टरांनी एकेक गाठ सोडवली. जड पाण्यावर खापर फोडणं सोपं असतं, पण तेच मुख्य कारण आहे, असं अभ्यासांतून ठामपणे ठरलेलं नाही. दूध-दही बेतानं घ्यावं, सोडू नये. त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि बाहेर नेतं. हात आखडायचा तो मिठावर, पापड-लोणच्यावर. आणि पाणी? पाक करताना पाहिलंय ना? पाणी आटलं की साखर कडेला धरायला लागते. उन्हाळ्यात घामानं शरीरातलं पाणी जातं, मूत्रपिंड उरलेलं राखून ठेवतं, लघवी घट्ट होते आणि क्षारांचे कण धरू लागतात. लिंबातलं सायट्रेट हे कण धरण्याला आडकाठी करतं. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या १२ जणांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत २७ जणांना. इतका फरक नुसत्या पाण्यानं पडला! मोजमाप जमत नसेल, तर रंग पाहावा. लघवी फिकट असली की ठीक, गडद पिवळी झाली की तांब्या जवळ करायचा. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

दारी आलेल्या माणसाला आपण आधी पाणी विचारतो. जुन्या घरांत पाण्याच्या तांब्याबरोबर मोरीची वाटही दाखवायचे. प्यायची सोय आणि जायची सोय, दोन्ही मिळून पाहुणचार पुरा व्हायचा. दुसरी गोष्ट विचारायला आपण कधीतरी संकोचायला लागलो, एवढंच. वहिनींनी तो संकोच सोडला. बरं वाटल्यावर मुख्याध्यापकांना सगळं स्वच्छ सांगितलं. त्यांनाही ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. खडा पडायला आठ दिवस लागले, कडी बसायला आणि नळ दुरुस्त व्हायला एक दुपार पुरली. आज कामाला निघताना आपली बाटली भरून घ्या आणि संध्याकाळी ती किती हलकी झाली ते पाहा. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना, उन्हातून पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाणी द्याल, ते तर देताच. त्याबरोबर ‘आत जाऊन यायचंय का?’ एवढंही विचारा. आमच्या वहिनींची बाटली आता रिकामी परत येते. तुळशीला सकाळी वेगळा तांब्या मिळतो, आणि ती अजून तेवढीच हिरवी आहे.