माघारी वळण्याचा हक्क

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क माणसाला आहे काय? हा प्रश्न अमेरिकेत तत्त्वज्ञांइतकाच कचेऱ्यांतल्या व्यवस्थापकांनाही पडतो. तिथे स्वतःचे लहानसे विमान बाळगणारा एखादा इंजिनिअर कामाच्या गावी मोटारीऐवजी विमान हाकीत जातो. सरकारची त्याला आडकाठी नाही. खासगी परवाना पुरतो. अट एवढीच, की उड्डाण हे कामाला केवळ आनुषंगिक असावे आणि मोबदला घेऊन माणसे वा माल नेऊ नये. अडवते ती कंपनी. कुणी साफ मनाई करते, तर कुणी भरभक्कम विमा आणि ठराविक तासांचा अनुभव मागते.

प्रथमदर्शनी हा जुलूमच वाटतो. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत स्वतः विमान आणले. अशी नियमावली त्यांना आडवी आली असती तर? पण टाटा त्या घराण्यातलेच होते. हवा बिघडली म्हणून ते मागे फिरले असते, तरी त्यांची बढती अडणार नव्हती. नोकरदाराचे तसे नाही. दहाची बैठक त्याच्या मानगुटीवर बसलेली असते.

ओढ तर नोकरीवाचूनही असते. १६ जुलै १९९९ च्या रात्री अध्यक्ष केनेडींचे चिरंजीव पत्नी आणि मेहुणीसह विमान घेऊन निघाले. घरात लग्न होते. हवा धुरकट, खाली समुद्र, आणि केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. दिशाभ्रम होऊन विमान समुद्रात कोसळले, तिघेही गेले. पोचण्याच्या ओढीचा त्यात वाटा किती, हे कोण सांगणार? पण बरोबरच्या दोघींचे जीव वैमानिकाच्या एका निर्णयावर टांगलेले होते, एवढे खरे.

म्हणून साहेबाने हाताखालच्या कारकुनाला आपल्या विमानात बसवू नये, हा नियम मला पूर्ण न्याय्य वाटतो. ‘नको’ म्हणण्याची त्या बिचाऱ्याची प्राज्ञा नसते. पण एकट्याने उडणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसाला सरसकट मनाई करणे म्हणजे त्याला पोर समजणे होय. त्याच्यासाठी नियमावलीत एकच कलम घालावे : हवा पाहून कोणी मागे फिरला, किंवा वाटेतल्या गावी मुक्कामाला राहिला, तर त्याला जाब विचारला जाणार नाही आणि मुक्कामाचा खर्च कंपनी देईल. विमा मागे राहिलेल्या बायकोला पैसे देतो. हे कलम तिच्या नवऱ्यालाच घरी आणू शकेल.